आपापला चहा

सदाशिव पेठ, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

चि. शौनक,
आशीर्वाद. कानाला न लावता वाचता येतील असे.

तुझ्या तीन व्हॉइस नोट आल्या. एकही ऐकलेली नाही. दिवसभर क्लासातल्या मुलींचे सूर ऐकून कान उतरलेले असतात, वर भाच्याच्या जांभया नकोत. ई-मेल लिही. लिहिताना माणसाला निदान वाक्य पुरं करावं लागतं.

कामाचं सांगते. तुझ्या बहिणीच्या, तनयाच्या डोहाळजेवणात मी म्हटलेलं गाणं मला बाहेर आणायचं आहे. तू बंगळूरला होतास, पण कुणीतरी फोनवर टिपलेलं तुला पोचलं असं तुझी आई म्हणाली. पेढा की बर्फी उरकल्यावर सगळ्यांनी 'नीरजाताई, एक गाणं' म्हणून धरलं. अपेक्षा बाळकृष्णाची होती. मी म्हटलं:

पाणी ठेवा, आलं ठेचा, साखर घाला बेतानं,
आपापला चहा घ्या, मी बसले आरामानं.

पहिल्या कडव्यात सासरे चहा मागतात, दुसऱ्यात नवरा, तिसऱ्यात पाहुणे. बाई एकदाही उठत नाही. बायका आधी खूप हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि पुन्हा म्हणायला लावलं. हसणं संपल्यावरही जे मागतात, ते गाणं असतं, एवढं मला कळतं.

आजवर काय केलं? लग्नांत मंगलाष्टका लिहिल्या आणि म्हटल्या. मुलीच्या पणजीपासून मुलाच्या साहेबापर्यंत सगळे वृत्तात बसवले. शार्दूलविक्रीडितात 'ख्रिस्तोफर' बसवून दाखवला. लग्नाच्या व्हिडिओच्या शेवटी फेटे बांधणाऱ्याचं नाव येतं, मेंदीवालीचं येतं. मंगलाष्टका कुणाच्या, हे सांगावंसं कुणाला वाटलं नाही. आणि कुणी विचारलंच तर मी आपली म्हणणार, "अहो, आपलंच आहे ते!"

हे गाणं आपलं नाही. माझं आहे. तू जाहिरातीच्या धंद्यात आहेस. कसं बाहेर आणतात ते लिही.

मावशी


बंगळूर
४ फेब्रुवारी

मावशी,

ओके, मेल तर मेल.

गाणं भन्नाट आहे, यात डाउट नाही. पण आज नुसतं गाणं चांगलं असून भागत नाही, स्ट्रॅटेजी लागते. रिलीजच्या आधी कमीत कमी सहा आठवडे हवेत. आधी टीझर, त्याच्या आधी टीझरचा टीझर. लोकांना वाटलं पाहिजे की काहीतरी येतंय. दुसरं, गाणं साडेचार मिनिटांचं आहे. एवढा वेळ कुणाला आहे? पहिल्या सात सेकंदांत माणूस पकडला नाही तर तो अंगठ्यानं पुढे सरकतो. तुझा नुसता सुरुवातीचा 'आ'च नऊ सेकंदांचा आहे. तो काढ. तिसरं, 'नीरजा गद्रे' हे नाव बँकेच्या पासबुकासारखं वाटतं. 'नीरू' बरं आहे. किंवा 'मावशी ऑफिशियल'. हे चालेल बघ!

आणि आता बातमी. आमच्या एजन्सीकडे चहाची एक मोठी कंपनी आहे. काल त्यांच्या मीटिंगमध्ये ते लोक 'महाराष्ट्रात घराघरांत पोचेल असं काहीतरी' मागत होते. मी सहज तुझं रेकॉर्डिंग लावलं. मावशी, त्यांच्या ब्रँड मॅनेजर, प्रियदर्शनी मॅडम, टेबलावर ताल धरत होत्या! मराठी त्यांना एकट्यांनाच कळत होतं. बाकीचे नुसत्या 'चहा' शब्दावर खूश. बघू काय होतं.

शौनक


सदाशिव पेठ
६ फेब्रुवारी

चि. शौनक,

टीझरचा टीझर म्हणजे काय, हे तुझ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "आमंत्रण येणार असल्याचं आमंत्रण. पेशवाई बहुतेक यातच बुडाली."

सहा आठवडे? अरे, मुहूर्ताला पाच मिनिटं असताना नवरदेवाच्या आत्याचं नाव राहिलं म्हणून रडारड झाली, तेव्हा मी अंतरपाटाच्या कडेला उभ्या उभ्या एक कडवं रचून म्हटलेलं आहे. आत्या अजून ओळख देते.

नाव पासबुकासारखं वाटतं, ते बरंच आहे. पासबुकावर निदान माणसाचं खरं नाव असतं. आणि तो नऊ सेकंदांचा 'आ' निघणार नाही. दिवसभर उभी असलेली बाई खुर्चीत बसते तेव्हा होणारा आवाज आहे तो. गुडघे असलेल्या कुठल्याही बाईला विचार.

काल बुधवार पेठेत जाऊन माइक आणला. दुकानदार म्हणाला, "काकू, नातवाला का?" म्हटलं, "नाही, माझ्या तोंडाला." मग त्यानं चांगला दाखवला. आता साड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून गाते. पैठण्या आवाज छान शोषतात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामाला आल्या. फक्त शेजारी चटणी वाटायला घेतली की थांबावं लागतं. शेजारी दोन्ही वेळेला चटणी खातात, हे मला ठाऊक नव्हतं.

चहावाल्यांना तू ऐकवलंस, ठीक. पण गाणं कुणाचं म्हणून सांगितलंस? तू 'बघू काय होतं' लिहितोस. हे वाक्य मी लग्नं मोडायच्या आधी फार ऐकलेलं आहे.

मावशी


बंगळूर
११ फेब्रुवारी

मावशी,

बसली आहेस ना? गाणं सिलेक्ट झालं! आठ मार्चला, महिला दिनाला, टीव्ही, मोबाइल, थिएटर, सगळीकडे! मुंबईत एका नव्या गायिकेकडून रेकॉर्डही करून घेतलं. एकच कडवं ठेवलंय, 'आ' काढलाय. आणि शेवट किंचित बदललाय. म्हणजे बाई बसलेली असते, घरातले सगळे स्वयंपाकघरात गोंधळ घालतात, मग ती त्यांच्याकडे बघून गोड हसते, उठते आणि सगळ्यांना चहा करून देते. ओळ अशी आहे:

उठते बाई, टाकते चहा, तुमच्याच प्रेमानं.

टीमला जाम आवडलं. एम्पॉवरिंग पण आहे आणि फॅमिली पण.

हक्कांचं काही टेन्शन घेऊ नकोस. गीतकार कोण, असं त्यांनी विचारलं, तर मी 'पारंपरिक' लिहून दिलं. म्हणजे तुला सह्याबिह्यांचा त्रास नको. तसंही तू नेहमी म्हणतेसच ना, आपलंच आहे ते. ताईच्या लग्नात मंगलाष्टकांबद्दल कुणी विचारलं तेव्हासुद्धा हेच म्हणालीस.

आणि आता तुझं वेगळं रिलीज थांबव. कोट्यवधी लोक ऐकणार आहेत, मग कपाटात कशाला गायचं? आई तर आनंदानं रडली.

शौनक


सदाशिव पेठ
१२ फेब्रुवारी

शौनक,

पारंपरिक म्हणजे, जिचं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नाही, अशी बाई. मी जिवंत आहे. सदाशिव पेठेत राहते. दारावर पाटी आहे आणि बेल वाजते.

गाण्यात एकच गोष्ट घडते. ती उठत नाही. तेवढी काढली की मागे उरतो तो चहा. तो विकायला त्यांना माझी गरज नाही.

एका प्रश्नाचं उत्तर दे, स्ट्रॅटेजी न सांगता. त्यांचं आधी बाहेर आलं तर माझ्या गाण्याचं काय होतं?

मावशी


बंगळूर
१२ फेब्रुवारी, रात्री

मावशी,

एवढी चिडशील असं वाटलं नव्हतं.

उत्तर असं आहे की जे आधी नोंदलं जातं तेच मूळ धरतात. नंतर आलेलं नक्कल समजून आपोआप अडवतात, मग बसायचं महिनोन् महिने मेल लिहीत. त्यांची नोंद महिनाअखेरीला होईल. म्हणजे तुझ्याकडे जेमतेम दोन आठवडे आहेत आणि तेवढ्यात नाही होत गं. मिक्सिंग, कव्हर, व्हिडिओ, लोक यात वर्ष घालवतात.

आणि मी मध्ये अडकलोय. हे काम मी आणलंय. एप्रिलमधलं माझं प्रमोशन यावरच आहे. प्लीज, आठ मार्च जाऊ दे. नंतर तुला हवं तसं गा.

शौनक


सदाशिव पेठ
२१ फेब्रुवारी

चि. शौनक,

माझं गाणं कालपासून जगात आहे. आता तुझ्या यादीप्रमाणे उत्तरं देते.

मिक्सिंग तुझ्या काकांनी केलं. आवाजाच्या त्या वरखाली रेघा मी लॅपटॉपवर बघत बसले होते. ते मागून म्हणाले, "हा आलेख आहे. सरक." आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, शेजारच्यांची चटणी अशी कापून काढली की जणू तिथं कुणी जेवतच नाही.

व्हिडिओही त्यांच्यामुळेच झाला. कल्पना अशी की मी पुढे खुर्चीत बसून गायचं आणि मागे स्वयंपाकघरात त्यांनी खरोखरच चहा करायचा. आयुष्यात पहिल्यांदा.

"म्हणजे माझी अब्रू इंटरनेटवर कायमची राहणार?"

"हो."

"मग इस्त्रीचा शर्ट दे."

"कपाटात आहे. आपापला."

फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि एका दमात केलं. त्यांना पूड सापडेना. एकेक डबा उघडून हुंगत होते. मोहरी हुंगली, शहाजिरं हुंगलं, आणि तिसऱ्या कडव्याला दूध उतू गेलं. त्यांनी ओटा पुसला, कोपरे सोडून. हे सगळं मी नंतर पाहिलं. गाताना फक्त आवाज येत होते, आणि मी वळले नाही. शौनक, सबंध गाण्यात सूर कठीण नव्हते. न वळणं कठीण होतं.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी चढवला. गाणं सगळ्या ॲपवर पोचवणारी एक सेवा असते, तिच्यातून तिकडेही पाठवलं. तिथं विचारतात, गीत कुणाचं? नीरजा गद्रे. संगीत? नीरजा गद्रे. गायन? नीरजा गद्रे. तिसऱ्यांदा लिहिताना आपण कुणाच्या पिशवीत हात घालतोय असं वाटायला लागलं. मग विचारलं, हक्क कुणाचे? तेव्हा नाही वाटलं.

राहता राहिलं मार्केटिंग. लोक कुठं सापडतील याचा तुम्ही फार अभ्यास करता. माझे लोक कार्यालयात पंगतीला बसलेले असतात. वैजनाथ म्हणून एक आहे, बरीच वर्षं कार्यालयांतून स्पीकर लावतो, माझ्या मंगलाष्टकांना त्याचाच माइक असतो. जेवणाच्या वेळी तो टेपवरची सनई लावायचा, आता मला लावतो. कालच एका कार्यालयात मुलाचे वडील तणतणत आले, "हे काय लग्नात लावायचं गाणं आहे का?" वैजनाथ म्हणाला, "नवरीची फर्माईश आहे." नवरी घास ठेवून म्हणाली, "हो, आहे." तिनं ते त्याआधी कधी ऐकलंही नव्हतं.

तुझ्या प्रमोशनचं मला वाईट वाटतं. पण माझ्या बाईला उठवून ते होणार असेल, तर होऊ नये.

मावशी


बंगळूर
१ मार्च

मावशी,

आठवडाभर तुझे आकडे बघत होतो. काहीच हलत नव्हतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, मावशीची हौस फिटली, माझं कामही वाचलं.

मग काल ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्यातली एक नाशिकची मुलगी मोबाइलवर बघून हसत होती. "शौनक, हे मोहरी हुंगणारे काका बघितलेस?" तिला साताऱ्याच्या चुलतीनं पाठवलं होतं आणि चुलतीनं पुण्याच्या लग्नात ऐकलं होतं. मावशी, माझे काका आहेत असं मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कळत नाही. आता आकडे बघवत नाहीत एवढे पळतायत.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. कंपनीची नोंद अडली. चाल आधीच नोंदलेली आहे म्हणे, नीरजा गद्रे या नावावर. सगळी फिल्म तयार आहे आणि लावता येत नाही. बॉसनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्याकडून दोन ओळी लिहून हव्या आहेत. हे गाणं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात आणि मी ते लहानपणी आजीकडून ऐकलंय, एवढंच. ते दिलं की तुझं गाणं खाली उतरवायला लावणार. सोमवारी द्यायचंय.

मावशी, त्यापेक्षा तूच 'हरकत नाही' असं कळव ना. म्हणजे मला खोटं लिहावं लागणार नाही.

शौनक


सदाशिव पेठ
२ मार्च

चि. शौनक,

हरकत आहे.

तुझी आजी गात नव्हती. तिला आवाज होता की नाही, हेसुद्धा आम्हां बहिणींना ठाऊक नाही. आम्ही घरात शिरलो की ती उठायची, एवढंच आठवतं. तिच्या नावावर गाणं घालायचंच असेल तर खुशाल घाल. पण मग शेवटी बाई उठते अशी ओळ तिच्या तोंडी घालताना एकदा तिचा फोटो समोर ठेव.

'आपलंच आहे' असं मी म्हणत आले, कारण 'माझं आहे' म्हटलं की माणसं दचकतात. बाईच्या तोंडून तर जास्तच. आता दचकू देत. चार दिवसांत होते सवय. तुझ्या काकांना झाली.

लिही असंही सांगत नाही, लिहू नको असंही नाही. तू मोठा झालास. मी काय करणार तेवढं सांगते. तुझ्या दोन ओळींनी माझं गाणं उतरलं, तर मी ते पुन्हा चढवीन. पुन्हा उतरलं तर पुन्हा. आणि सगळीकडून उतरलं तर वैजनाथचा स्पीकर आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

काका म्हणतात, पत्राचा मसुदा त्यांच्याकडे पाठव, शुद्धलेखन तपासून देतील. खोटं असलं तरी शुद्ध असावं.

मावशी


बंगळूर
४ मार्च

मावशी,

काल लिहून दिलं. काकांना विचारलं नाही, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील. असं लिहिलं:

"हे गाणं नीरजा गद्रे यांनी लिहिलं, त्यांनीच चाल लावली आणि त्यांनीच गायलं. पारंपरिक हा शब्द मी त्यांना न विचारता लिहिला. माझी आजी गात नव्हती."

शेवटचं वाक्य कशाला हवं होतं, असं बॉस म्हणाले. मला पण माहीत नाही. मग म्हणाले, उद्यापासून तू फिनेलच्या जाहिरातींचं बघ. एप्रिलचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. असं लिहिणार म्हटल्यापासून आई माझ्याशी बोलत नव्हती. आज फोन आला, म्हणाली की तिला आजीचा आवाज एकदा ऐकू आला होता, गच्चीवर कपडे वाळत घालताना. मोठीला, म्हणजे तुला, विचार, असं म्हणाली.

आता तुझ्या परवानगीशिवाय फिल्म लागू शकत नाही. प्रियदर्शनी मॅडम तुला थेट लिहिणार आहेत. गायिका काढून तुझा आवाज घेणार, नाव सुरुवातीला मोठ्या अक्षरांत. फक्त शेवट त्यांचा राहील. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असं पुन्हा कुणी विचारणार नाही. काकांच्या व्हिडिओला जन्मभरात मिळणार नाहीत एवढे लोक एका दिवसात.

या वेळी मी कुणालाही तुझ्या वतीनं हो म्हणालेलो नाही.

शौनक


सदाशिव पेठ, पुणे
५ मार्च २०२५

प्रियदर्शनी बाई,

आपलं पत्र मिळालं. मराठी शुद्ध आहे, त्याचा आनंद झाला. हल्ली एवढंही मिळत नाही.

माझा आवाज, मोठ्या अक्षरांत नाव, सबंध महाराष्ट्र, हे सगळं दोनदा वाचलं. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. नाव मोठ्या अक्षरांत कसं दिसेल, ते कागदावर लिहूनही पाहिलं. छान दिसतं.

पहिल्या मीटिंगमध्ये आपण टेबलावर ताल धरला होतात, असं माझा भाचा सांगतो. तो कुठल्या ओळीवर धरलात, ते जरा आठवून पाहा. 'उठते बाई' ही ओळ तेव्हा गाण्यात नव्हती.

आपण लिहिता की ती शेवटी उठली नाही, तर मग चहा कोण करणार, असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल. पडू द्या. त्यांनी तो आपसात सोडवावा.

माझी परवानगी नाही. शनिवारी, आठ तारखेला, त्या जागी काय दाखवायचं, हा आपल्या कंपनीचा प्रश्न आहे. दुसरं गाणं हवं असेल तर मी लिहून देईन, त्यात बाई नाचेल, धावेल, डोंगर चढेल, आपण म्हणाल ते करील. पण या गाण्यातली बाई उठणार नाही.

ती आत्ता कुठे बसली आहे.

नीरजा गद्रे